रक्तात कृमी, शरीरात शांतता : हत्तीरोगातील प्रतिकारक्षमतेचे स्वरूप

नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ह्या भागांत हत्तीरोगाच्या पाहणीसाठी आरोग्यखात्याची माणसे रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्ताचे थेंब घेतात, ही गोष्ट तिकडील लोकांच्या परिचयाची आहे. रात्रीची वेळ निवडण्याचे कारण असे की, ह्या रोगाच्या कृमीची सूक्ष्म पिले दिवसा फुप्फुसांतील खोल रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि साधारणपणे रात्री दहा ते दोन ह्या वेळात त्वचेलगतच्या रक्तात उतरतात. अशा पाहणीत एक विसंगती वारंवार दृष्टीस पडते. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही कृमी सापडत नाही; उलट शेजारच्या घरातील, दिवसभर शेतात राबणारा आणि कसलीही तक्रार नसलेला तरुण तपासावा, तर त्याच्या रक्ताच्या एका थेंबात ही पिले सळसळताना दिसतात. रोग एकाकडे आणि रोगकारक दुसऱ्याकडे, असा हा विलक्षण प्रकार आहे.

देवी किंवा प्लेग ह्यांसारख्या रोगांवरून बनलेल्या कल्पनांनी ह्याचा उलगडा होत नाही. तेथे जंतू वाढला की रोग वाढतो आणि शरीराने जंतूवर मात केली की रोगी बरा होतो. लढाई थोड्या दिवसांची असते व तिचा निकाल लागतो. हत्तीरोगाच्या कृमीशी शरीराचा संबंध वर्षानुवर्षे टिकणारा असतो, आणि त्यात निकाल लागण्यापेक्षा तो न लागणे हेच पुष्कळदा दोन्ही पक्षांच्या पथ्यावर पडते. जुनाट परोपजीवी संसर्गात प्रतिकारव्यवस्था निष्क्रिय असते असा एक समज पूर्वी होता. गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने तो दूर केला आहे. ती निष्क्रिय नसते, स्वतःला आवरून धरलेली असते; आणि हे आवरणे हेही एक सक्रिय कार्यच आहे.

ह्या कृमीचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. श्लीपद ह्या नावाने सुश्रुतसंहितेत ह्या विकाराचे वर्णन आहे आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत तो विशेष होतो, असे निरीक्षणही तेथे नोंदलेले आहे. डासाचा संबंध ठाऊक नसताना केलेले हे निरीक्षण मार्मिकच म्हटले पाहिजे. मानवी रक्तात ही पिले प्रथम टिमथी लुइस ह्यांनी इ. स. १८७२ मध्ये कलकत्त्यास पाहिली. जोसेफ बँक्रॉफ्ट ह्यांना १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रौढ कृमी सापडला. आणि चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी १८७७ मध्ये कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते असे दाखवून दिले. भारतात आढळणारा बहुतेक सर्व हत्तीरोग वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय ह्या जातीमुळे होतो व घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवितो. डास चावताना त्वचेवर उतरलेल्या अळ्या दंशाच्या छिद्रातून आत शिरतात, लसीकावाहिन्यांत जाऊन कात टाकतात व काही महिन्यांत प्रौढ होतात. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब, पण जाडीने सुताइतकी असते. ती अंडी न घालता हजारो जिवंत पिले सोडते. ह्या पिलांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाहून किंचित अधिक असते. प्रौढ कृमी सरासरीने पाच ते आठ वर्षे आणि क्वचित त्याहूनही अधिक काळ जगतो. एवढा मोठा जिवंत परकी प्राणी लसीकेच्या प्रवाहात, म्हणजे प्रतिकारव्यवस्थेच्या अगदी राजरस्त्यावर, इतकी वर्षे निर्वेध वावरतो, हीच मुळात नवल करण्यासारखी गोष्ट आहे.

जीवाणू किंवा विषाणू ह्यांच्याशी लढताना भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात, किंवा विषाणूग्रस्त पेशीच नष्ट केल्या जातात. कृमी मात्र गिळता येत नाही. एका भक्षक पेशीच्या मानाने तो अवाढव्य असतो. म्हणून सस्तन प्राण्यांच्या शरीराने कृमींसाठी एक निराळा मार्ग बनविला आहे. साहाय्यक टी-पेशींचे दोन ठळक वर्ग आहेत, हे मॉसमन आणि कॉफमन ह्यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून दाखविले. पहिल्या वर्गाच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडून भक्षक पेशींना चेतवितात. दुसऱ्या वर्गाच्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ व १३ ही द्रव्ये सोडतात. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे निरोपच होत. ह्या निरोपांमुळे बी-पेशी आयजीई जातीचे प्रतिपिंड बनवू लागतात, अस्थिमज्जेतून इओसिनोफिल पेशी मोठ्या संख्येने बाहेर पडतात, आणि मास्ट पेशी सज्ज होतात. इओसिनोफिल कृमीच्या अंगाला चिकटून आपल्यातील दाहक कण त्याच्यावर रिकामे करतात. एका पेशीला जे गिळता येत नाही, त्याला अनेकींनी मिळून बाहेरून पोखरावे, अशी ही रीत आहे. मात्र हे कण कृमीच्या कवचाला जसे जाळतात तसे शेजारच्या ऊतकांनाही जाळतात. हे शस्त्र दुधारी आहे, आणि पुढे सांगावयाची बहुतेक सर्व हकीकत ह्या एका गोष्टीतून निघते.

हे शस्त्र आवर न घालता चालविले तर काय होते, ह्याचा एक मोठा अनुभव दुसऱ्या महायुद्धात आला. पॅसिफिकमधील सामोआ आदी बेटांवर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी हजारोंना काही महिन्यांतच हाता-पायांच्या शिरांवर लाल रेघा उमटणे, ग्रंथी सुजणे, वृषणाला सूज व वेदना होणे अशी लक्षणे दिसू लागली. तेथील रहिवासी ह्या विकाराला मुमु म्हणत. सैनिकांची मने हत्तीपायाच्या धास्तीने खचली. परंतु त्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया जवळजवळ कोणाच्याच सापडले नाहीत, आणि बेटांवरून हलविल्यावर बहुतेकांचा विकार हळूहळू शमला. ज्या बेटवासीयांच्या रक्तात कृमी भरलेले होते, ते मात्र त्याच काळात आपले नित्याचे व्यवहार करीत होते. पुढे इंडोनेशियात रोगमुक्त भागांतून रोगग्रस्त भागांत वसाहतीसाठी नेलेल्या कुटुंबांतही असेच आढळले. नव्याने आलेल्यांना हत्तीपाय लवकर व अधिक प्रमाणात झाला. कृमी दोघांच्या बाबतीत एकच, डासही तेच. फरक होता तो शरीराने त्यांना दिलेल्या उत्तरात.

ते उत्तर प्रयोगशाळेत मोजण्याचे काम १९७०-८० च्या दशकात एरिक ऑटेसेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कुक द्वीपसमूहातील माउके बेटावर केले. रक्तातील लसीकापेशी वेगळ्या काढून त्यांना कृमीचे प्रतिजन दिले असता, संवेदित व्यक्तीच्या पेशी विभाजन पावू लागतात. ज्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होते अशांच्या पेशी मात्र कृमीच्या प्रतिजनाला जवळजवळ प्रतिसादच देईनात. दुसऱ्या जंतूंचे प्रतिजन दिले की त्याच पेशी नेहमीप्रमाणे विभाजित होत. म्हणजे पेशी दुबळ्या नव्हत्या. त्यांचे मौन एका विशिष्ट पाहुण्यापुरते राखून ठेवलेले होते.

ह्या मौनाचा अर्थ लावण्यास पुढील वीस वर्षे लागली. प्रथम वाटले की, कृमीला ओळखणाऱ्या पेशी शरीरातून गाळून टाकल्या गेल्या असाव्यात. परंतु प्रयोगनलिकेत इंटरल्यूकिन-१० ह्या द्रव्याला बांधून ठेवणारे प्रतिपिंड मिसळले, तर ह्याच मुक्या पेशींपैकी पुष्कळ पुन्हा बोलू लागतात असे दिसून आले. अर्थात पेशी होत्या, त्यांना कृमी ओळखताही येत होता. त्यांना दाबून धरणारी यंत्रणा शेजारीच उभी होती. इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा ही ह्या यंत्रणेची मुख्य साधने, आणि शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये ज्यांचे स्वरूप स्पष्ट केले त्या नियामक टी-पेशी ह्या तिच्या चालकांपैकी एक होत. एरवी ह्या पेशींचे काम शरीराच्या स्वतःच्या घटकांवर हल्ला होऊ न देणे हे असते. जुनाट कृमिसंसर्गात तेच संरक्षण परक्या प्राण्याला लाभते.

ह्या अवस्थेत प्रतिकाराचा सगळाच व्यवहार बंद पडत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. इंटरल्यूकिन-४ तयार होतच राहते, प्रतिपिंडही भरपूर बनतात. मात्र त्यांची जात पालटते. आयजीई वाढण्याच्या जोडीला, आणि प्रमाणाने पाहता त्याहूनही कितीतरी अधिक, आयजीजी-४ हा प्रतिपिंड वाढतो. प्रतिपिंडांच्या कुळात हा मोठा सौम्य समजावा लागेल. तो पूरक द्रव्यांची साखळी चेतवीत नाही. त्याचे दोन अर्धे दुसऱ्या रेणूंच्या अर्ध्यांशी अदलाबदल करीत असल्यामुळे तो प्रतिजनांचे जाळेही विणू शकत नाही. पण ज्या प्रतिजनाला आयजीई धरू पाहते त्यालाच तो आधी जाऊन धरतो, आणि त्यामुळे मास्ट पेशींचा स्फोट टळतो. मधमाश्या पाळणाऱ्यांना डंख सोसण्याची जी सवय होते, तिच्या मुळाशीही हाच प्रतिपिंड बऱ्याच अंशी असतो. कृमीच्या पिलांनी भरलेल्या रक्तात आयजीजी-४ इतका नियमाने सापडतो की, त्याचे अस्तित्व हीच निदानाची एक खूण मानण्यात आली आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत हत्तीरोगाच्या प्रतिजन-प्रतिपिंडांवर अनेक वर्षे काम झाले आहे. विदर्भातील रुग्ण दाराशीच असल्यामुळे अशा संशोधनाला ते स्थान अनुरूपच होते.

ही सहनशीलता कधी सुरू होते, ह्या प्रश्नाचे उत्तर माउके बेटानेच दिले. तेथे सतरा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा पहिल्या पाहणीच्या वेळच्या बालकांपैकी कोणाच्या आईच्या रक्तात त्या काळी मायक्रोफायलेरिया होते, हे जुन्या नोंदींवरून कळत होते. अशा मातांच्या मुलांच्या पेशी, ती मोठी झाल्यावरही, कृमीच्या प्रतिजनाला मंद प्रतिसाद देत. बापाच्या रक्तातील कृमींचा असा परिणाम आढळला नाही. गर्भावस्थेत मातेच्या रक्तातून आलेल्या कृमीच्या द्रव्यांशी गर्भाच्या प्रतिकारव्यवस्थेची ओळख होते व ती ओळख शत्रुत्वाची नसते, असा ह्याचा अर्थ लावला जातो. माहेरी-सासरी चालत आलेल्या नात्याप्रमाणे हा संबंध पिढीजात होतो. सामोआत उतरलेल्या सैनिकाजवळ हा वारसा नव्हता, एवढेच त्याचे दुर्दैव.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा संयम एकट्या शरीराने राखलेला नाही. कृमीही त्यासाठी झटत असतो. ब्रुगिया मलाय ही मानवी हत्तीरोगाचीच दुसरी जाती प्रयोगशाळेत प्राण्यांत वाढविता येत असल्यामुळे ह्या बाजूची बहुतेक माहिती तिच्यावरून मिळाली. हा कृमी एक प्रथिन सोडतो, ते पोषकाच्या पेशींतील प्रतिजनाचे तुकडे करणाऱ्या विकरांनाच अडविते. त्यामुळे टी-पेशींपुढे परक्या द्रव्याचा पुरावा मांडण्याचे काम मंदावते. टीजीएफ-बीटाशी साम्य असलेली प्रथिनेही त्याच्याजवळ आहेत. जणू शरीराच्याच शिक्क्याची नक्कल करून त्याने शांततेचे हुकूम काढावेत. कृंतक प्राण्यांतील एका जवळच्या जातीत ईएस-६२ नावाचे शर्करायुक्त प्रथिन सापडले. त्याला जोडलेल्या फॉस्फोरिलकोलीन ह्या गटामुळे बी-पेशी, भक्षक पेशी व मास्ट पेशी ह्यांचे चेतणे मंद होते, आणि संधिदाह झालेल्या उंदरांना ते दिले असता त्यांचा विकार सौम्य होतो. कृमीच्या ह्या औषधविद्येचा उपयोग करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. तथापि कृमी शरीराला फसवितो, असे जे वर्णन ठिकठिकाणी वाचावयास मिळते ते अपुरे आहे. फसवणुकीत एकाचाच लाभ होतो. येथे शरीरालाही आपल्या लसीकावाहिन्या जपावयाच्या असतात. लाखो मायक्रोफायलेरियांवर रोज हल्ला करीत राहण्यापेक्षा त्यांना सोसणे त्याला स्वस्त पडते. व्यवहारातील तह असाच असतो. दोघांचे हेतू निराळे, पण कलम एकच.

तह मोडतो तेव्हा हत्तीपाय होतो, असे एका वाक्यात म्हणता येईल. पण ते वाक्य तपासून घेतले पाहिजे. ज्यांना जुनाट सूज आली आहे अशांच्या पेशी कृमीच्या प्रतिजनाला जोमाने प्रतिसाद देतात. पहिल्या वर्गाची द्रव्ये आणि त्यांच्या जोडीला इंटरल्यूकिन-१७ ह्यांचे प्रमाण वाढते, इंटरल्यूकिन-१० व आयजीजी-४ उतरतात. रक्तातील पिले नाहीशी होतात आणि ऊतकांत दाह धुमसू लागतो. इतके खरे. पण ह्यावरून सर्व अपाय प्रतिकारव्यवस्थाच करते असे ठरत नाही. जन्मतः टी व बी पेशी नसलेल्या उंदरांत ब्रुगिया कृमी वाढविण्याचा प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य उंदीर हा कृमी मारून टाकतात. ह्या उंदरांत तो सुखाने वाढला, आणि दाह नाममात्र असतानाही त्यांच्या लसीकावाहिन्या फुगल्या. प्रतिकार करणारे कोणी नसताना झालेला हा बिघाड कृमीनेच केला, हे उघड आहे. वाहिनीच्या भिंती सैल करणारी द्रव्ये कृमीच्या सान्निध्यात वाढतात व त्यामुळे वाहिनी रुंदावते, असे आता मानले जाते. पुढे १९९४ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे येथे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने पुरुषांच्या वृषणकोशातील फुगलेल्या वाहिन्यांत प्रौढ कृमी वळवळताना प्रत्यक्ष पाहण्यात आले. त्या हालचालीला फायलेरियाचे नृत्य असे नाव पडले आहे. ज्या पुरुषांत हे नृत्य दिसले, त्यांतील कित्येकांना कसलेही लक्षण नव्हते.

तेव्हा जुन्या पाठ्यपुस्तकांत कृमी वाहिनीत बोळ्यासारखा अडकून लसीकेची वाट बंद करतो असे जे सांगितले जाई, ते सोडून द्यावे लागेल. क्रम निराळा दिसतो. जिवंत कृमी वाहिनी रुंद व सुस्त करतो; त्या सुस्त वाहिनीतून लसीका नीट चढत नाही. कृमी मेला की त्याच्यावरचा पडदा उठतो, त्याच्या विघटित द्रव्यांभोवती भक्षक पेशी, इओसिनोफिल व लसीकापेशी ह्यांची गाठ तयार होते आणि वाहिनीला व्रण पडतो. नंतर तिसरा भागीदार येतो. बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून सामान्य जीवाणू आत शिरतात. निचरा मंदावलेल्या पायात त्यांना आवरणे शरीराला जमत नाही, ताप व लाली ह्यांचे झटके वारंवार येतात आणि प्रत्येक झटका पायाला थोडा अधिक जाड करून जातो. ह्या झटक्यांना लोक अजूनही कृमीचाच प्रताप समजतात. वास्तविक साबण-पाण्याने रोज पाय धुऊन कोरडा ठेवणे, भेगांना मलम लावणे आणि पाय उंच ठेवणे एवढ्या साध्या उपचारांनी हे झटके पुष्कळ कमी होतात. प्रतिकारशास्त्राच्या विवेचनात साबणाचा उल्लेख काहींना विशोभित वाटेल, पण रुग्णाला ह्या सर्व संशोधनाचा तत्काळ मिळणारा लाभ एवढाच आहे.

ह्या नाटकात आणखी एक पात्र पुष्कळ काळ पडद्याआड होते. हत्तीरोगाच्या कृमीच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतो, आणि त्याच्यावाचून मादीला पिले होत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तो १९७०-८० च्या दशकातच दिसला होता, परंतु त्याचे महत्त्व ओळखले गेले ते १९९५ नंतर. कृमी मरतो तेव्हा हा जीवाणू मोकळा होतो, आणि शरीराने कृमीशी केलेला तह त्याला लागू नसतो. जीवाणूंची ओळख पटविणारे पेशींवरील ग्राहक त्याला पाहताच पहिल्या वर्गाचा प्रतिकार पेटतो. डायएथिलकार्बमझीन हे औषध घेतल्यावर रक्तात पिले असणाऱ्यास ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते व पिले जितकी अधिक तितका हा त्रास अधिक, ह्याचे एक कारण येथे सापडते. यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधन चालवीत, तेथून हे औषध १९४७ मध्ये पुढे आले. मौज अशी की, परीक्षानळीत ते मायक्रोफायलेरियांना फारसे काही करीत नाही. त्याला मारण्यासाठी पोषकाच्या पेशींची मदत लागते. म्हणजे औषधही तह मोडण्याचेच काम करते. ह्याउलट डॉक्सिसायक्लिन दिल्याने आधी वोल्बाकिया नष्ट होतो, पिलांची उत्पत्ती थांबते, आणि प्रौढ कृमी महिनोन्‌महिने क्षीण होत मरतो. टांझानियातील पुरुषांवर आठ आठवडे केलेल्या अशा उपचाराचा वृत्तान्त २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मरण सावकाश आल्यामुळे गडबडही थोडी होते. परंतु इतके आठवडे रोज गोळी देणे मोठ्या लोकसंख्येत साधणारे नाही, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांना ती वर्ज्य आहे.

संयम मुळीच नसेल तर कोणती स्थिती येते, ह्याचा दाखला आपल्या देशातील वैद्यांना परिचित असलेल्या एका विकारात आहे. रात्री उठणारा कोरडा खोकला, दम्यासारखी धाप, आणि रक्तात एका घन मिलिमीटरला तीन हजारांहून अधिक इओसिनोफिल, असे ह्याचे स्वरूप. वाइनगार्टन ह्यांनी १९४३ मध्ये ह्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिले. बराच काळ ह्याचे कारण अज्ञात होते, कारण रक्तात कृमी सापडत नसत. ते सापडणारच नव्हते. फुप्फुसांत शिरणारे प्रत्येक पिलू तेथेच आयजीई व इओसिनोफिल ह्यांच्या तावडीत सापडून मारले जाते. कृमींच्या दृष्टीने पाहता हा प्रतिकार पूर्ण यशस्वी आहे; परंतु उपचार न झाल्यास रोग्याचे फुप्फुस तंतुमय होऊन निकामी होत जाते.

येथवरच्या विवेचनावरून लक्षणरहित माणसाची स्थिती सर्वांत बरी असे वाटेल. परंतु त्याच्या शांततेची किंमत असते. लसीकेच्या प्रवाहाचे चित्रण केले असता अशांच्याही पायांतील वाहिन्या वाकड्यातिकड्या व रुंद झालेल्या आढळतात. शिवाय आवर घालणारी यंत्रणा आपल्या कुंपणात राहत नाही. माउकेच्या प्रयोगांत मौन केवळ कृमीपुरते दिसले होते. पुढील अनुभवाने ह्या निष्कर्षाला मुरड घालावी लागली. दक्षिण भारतात हत्तीरोगाचा संसर्ग असलेल्यांना धनुर्वाताची लस टोचली असता त्यांचा प्रतिसाद मंद आढळला. टांझानियाच्या नैऋत्य भागातील एका दीर्घ पाहणीचा वृत्तान्त २०१६ मध्ये आला. तीत वुचेरेरियाचा संसर्ग असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट दिसले. दुसऱ्या बाजूने, चेन्नईतील पाहणीत मधुमेह्यांमध्ये ह्या कृमीचा संसर्ग इतरांहून कमी आढळला, आणि कृमीने शमविलेला दाह चयापचयाला उपकारक ठरत असेल काय, असा तर्क पुढे आला. हा तर्क आकर्षक आहे. मात्र अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि मधुमेह टाळण्यासाठी कोणी डासांना निमंत्रण द्यावे असे त्यावरून मुळीच निघत नाही.

प्रतिबंधक लसीचा प्रश्न ह्यामुळेच अवघड झाला आहे. मानवासाठी हत्तीरोगावर लस नाही. रोगग्रस्त प्रदेशातही काही माणसे कायम कृमिमुक्त राहतात व त्यांच्या पेशी कृमीच्या अळ्यांना चांगला प्रतिसाद देतात. तेव्हा संरक्षण अशक्य नाही. परंतु जे प्रतिजन सर्वांत प्रभावी दिसते तेच पुष्कळदा आयजीईचेही लक्ष्य असते. अंकुशकृमीवरील एका लसीची ब्राझीलमध्ये चाचणी झाली. पूर्वी संसर्ग झालेल्या काही स्वयंसेवकांच्या सर्वांगावर लस टोचताच गांधी उठल्या आणि चाचणी थांबवावी लागली. त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचे आयजीई आधीच तयार होते. ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच लसीचा धोकाही अधिक, अशी ही कोंडी आहे. हत्तीरोगाच्या लसीचा विचार करणाऱ्यांना ती टाळून पुढे जाता येत नाही.

म्हणून आज सर्व भिस्त सामुदायिक औषधोपचारावर आहे. भारतात तो २००४ पासून सर्व रोगग्रस्त जिल्ह्यांत वार्षिक स्वरूपात सुरू झाला. तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत २०१९ च्या आरंभी नागपूर जिल्ह्यात लागू झाली. ह्या कामात कार्यकर्त्यांना भेटणारा नेहमीचा प्रश्न असा की, मला काहीच झालेले नाही, मग गोळ्या कशासाठी घेऊ? प्रश्न विचारणारा खोटे बोलत नसतो. त्याचे शरीर त्याला तसेच सांगत असते, आणि गावातील डासांना कृमी पुरविणाराही बहुधा तोच असतो. गोळी घेऊन त्याला दोन दिवस ताप आला, तर शेजारी म्हणतात की, धडधाकट माणसाला औषधाने आजारी पाडले. हा ताप मरणाऱ्या पिलांचा असतो; ज्याच्या रक्तात ती नाहीत त्याला तो सहसा येत नाही. ही गोष्ट गोळी देण्यापूर्वी समजावून सांगितलेली असली, तर पुढील वर्षी त्याच घराचे दार उघडण्याची आशा राहते.

संसर्ग थांबला किंवा नाही हे ठरविण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रक्तात कृमीचे प्रतिजन शोधतात. ज्या गावांत ते सापडत नाही, तेथे आता अशी पिढी वाढत आहे की, जिच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी मायक्रोफायलेरिया नव्हते आणि जिच्या पेशींनी हा कृमी कधी पाहिलेला नाही. तो पुन्हा त्या गावात शिरला, तर माउकेच्या अनुभवावरून तर्क करता, ही मुले त्याला आपल्या आजोबांप्रमाणे शांतपणे सोसणार नाहीत. त्यांची प्रतिक्रिया सामोआतील सैनिकांसारखी होण्याचा संभव अधिक आहे. औषधवाटप थांबल्यावरही त्या गावांतील मुलांची तपासणी आणि डासांवरील लक्ष कित्येक वर्षे चालू ठेवावे लागते, त्याचे हेही एक कारण आहे.